मे महिन्यातल्या गोधड्या

आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा विधी, असतो. ते आटोपलं की मेजावरचं लांबलचक पांढरं कापड काढून त्याची घडी घालायची असते, आणि त्याला दोन माणसं लागतात. एक माणूस ठरलेलं, प्रेमिलाबाई सोनटक्के. दुसरं जे कोणी सापडेल ते. मी चर्चचा सेक्रेटरी, त्यामुळे बरेचदा मीच सापडायचो. दोन मिनिटांत बाई माझ्या हातातलं टोक काढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "सोडा सर, तुमच्यानं नाई होत. काठाले काठ तरी लावा." मग हाक मारून दुसऱ्या कोणाला तरी बोलवायच्या. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेल्या माणसाला सगळ्या मंडळीसमोर हे ऐकून घ्यावं लागे.

बाईंना हा अधिकार उगाच आलेला नव्हता. मिशनच्या दवाखान्यात त्यांनी एकतीस वर्षं लिननरूम सांभाळली. वॉर्डांतल्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनची हिरवी कापडं, बाळांची दुपटी असं सगळं धुऊन आलं की तपासायचं, फाटलं असेल तर शिवायचं, घडी घालून कपाटात लावायचं आणि ज्या वॉर्डाला हवं त्याला द्यायचं. प्रत्येक कापडाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याची एक बारकी फुली. फुली दिसली की ते कापड लिननरूमचं, ते परत आलंच पाहिजे. एखादी चादर आली नाही तर बाई स्वतः वॉर्डात जाऊन ती शोधून आणायच्या. मोठमोठे डॉक्टर त्यांना वचकून असत असं ऐकलंय. मी तर अजूनही वचकून असतो.

नवरा फार लवकर गेला. लेक एकच, वैभवी. आईच्या दवाखान्यातच ती नर्सिंग शिकली आणि नोकरीला गेली थेट नेपाळात, डोंगरातल्या एका लहानशा मिशन दवाखान्यात. बाईंना ते मुळीच पसंत नव्हतं. इथे नागपुरात, हुडकेश्वरला घर होतं, जवळपास चार दवाखाने होते, मग एवढ्या लांब कशाला, असा त्यांचा साधा सवाल होता. पण जाताना पोरीची पेटी त्यांनीच भरली, आणि अशी भरली की सुई ठेवायला जागा उरली नाही.

दोन हजार पंधराच्या एप्रिलमध्ये नेपाळात भूकंप झाला, तेव्हा पोरीला तिथे जाऊन दोन वर्षं होत आली होती. शेवट बरा झाला म्हणून आज मी हे सगळं हसत सांगू शकतो. त्या शनिवारी मात्र कोणी हसत नव्हतं. दुपारपासून बाई फोन लावत होत्या आणि फोन लागत नव्हता. रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी वैभवीचं नाव घेऊन प्रार्थना केली. बाई तिसऱ्या बाकावर ताठ बसून होत्या. डोळे मिटलेले, हात मांडीवर, आणि त्या हातांनी रुमालाची घडी घालणं आणि मोडणं सतत चाललेलं. सोमवारी संध्याकाळी फोन आला. पोरगी सुखरूप होती. दवाखान्याच्या एका भिंतीला तडा गेला होता म्हणून सगळे रोगी बाहेर मैदानात आणले होते.

"घरी ये," बाई म्हणाल्या.

"आई, मी नाई येऊन राहिली," पोरगी म्हणाली. "इथं आम्ही चौघीच नर्सेस आहोत. पाठवता आलं तर काही पाठव." आणि फोन कटला.

बाई तशाच माझ्या घरी आल्या. पाणीसुद्धा न पिता म्हणाल्या, "सर, पोरगी येत नाई. मग आपल्याले जावं लागते. आपण नाई, तर आपलं सामान."

आता इथून माझी गोष्ट सुरू होते, आणि ती फारशी अभिमानाची नाही.

कमिटीची बैठक झाली. परदेशात सामान पाठवायचं म्हणजे कसं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पण आमचे एक सभासद रुपराव, ट्रान्सपोर्टचा धंदा करणारे, म्हणाले की त्यांचा एक ट्रक गोरखपूरहून माल आणायला शुक्रवारी रिकामाच निघतोय. तिथून पुढे सीमेपर्यंत तो नेऊन देईल. पलीकडच्या गावातल्या चर्चची मंडळी सामान उतरवून घेईल आणि जीपने वर दवाखान्यात पोचवेल, हे पाळकसाहेबांनी फोनवर जुळवलं. नाक्यावर दाखवायला कागद लागणार होता. कोणी पाठवलं, कोणासाठी, कोणत्या गठ्ठ्यात काय. तो कागद करायचं काम माझ्याकडे आलं.

बुधवारपासून चर्चच्या हॉलमध्ये सामान येऊ लागलं. नागपूरची माणसं द्यायला बसली की हात आखडत नाहीत, पण काय द्यावं याचा विचारही करत नाहीत. लग्नातला कोट आला. शाळेचे गणवेश आले. अर्धा वापरलेला साबण आला. कोणी तरी कूलरची जुनी जाळी आणून ठेवली, ती कशासाठी हे अजून कळलेलं नाही. प्रेमिलाबाई चष्मा लावून हॉलच्या दारातच खुर्ची टाकून बसल्या आणि लिननरूम पुन्हा सुरू झाली. प्रत्येक कापड उजेडात धरून बघायच्या. नीट असेल तर आत, नसेल तर ज्याचं त्याच्या हातात परत.

"फाटकं देणं म्हणजे आपलं घर साफ करणं आहे," त्या म्हणायच्या. "अंगावर घेताना आपल्याले लाज नाई वाटली पाहिजे, तेच द्या."

त्यात कुसुमताईंचं गाठोडं परत गेलं. कुसुमताई म्हणजे चर्चमधलं वजनदार घराणं. यजमान बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, आणि हॉलचे पंखे त्यांनीच दिलेले. ताईंनी जुन्या सुती साड्यांचं मोठं गाठोडं गाडीतून पाठवलं होतं. धुऊन धुऊन पार विरलेल्या साड्या. बाईंनी दोन उलगडून पाहिल्या, पुन्हा बांधल्या आणि चारचौघांत ड्रायव्हरला म्हणाल्या, "ताईले सांगा, पोतेरं आमच्याकडे भरपूर आहे." संध्याकाळी ताईंच्या यजमानांचा मला फोन आला आणि मी अर्धा तास माफी मागत बसलो.

मनातून मी बाईंवर जाम चिडलो होतो. त्यामुळे पुढची चूक मी जरा तोऱ्यातच केली. जमलेल्या देणग्यांतून काय घ्यायचं हा प्रश्न आला तेव्हा मी सांगून टाकलं, चादरी घेऊ. कामठीच्या पॉवरलूमच्या, पातळ, सुती. वजन कमी, ट्रकमध्ये जास्त मावतात, धुवायला सोप्या. उन्हाळ्याचे दिवस आहेत, पातळ चादरच बरी. बाहेर पारा चव्वेचाळीसवर होता, हॉलमधले दोन्ही कूलर गरम हवा फेकत होते, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

प्रेमिलाबाई एवढंच म्हणाल्या, "एकदा पोरीले विचारून घेतलं असतं."

"बाई, मी तीस वर्षं भूगोल शिकवला आहे," मी म्हणालो.

हे वाक्य मला पुढे किती वेळा ऐकवलं गेलं ते विचारू नका.

गुरुवारी दुपारी कामठीहून दोनशे चादरी आल्या. बाईंनी त्यांचे गठ्ठे बांधले. एका गठ्ठ्यात एकच वस्तू, वरून गुंडाळलेलं कापडसुद्धा पुढे कामाला येईल असंच, आणि गठ्ठ्यात काय ते कापडावर शाईने लिहिलेलं. विक्की नावाचा कामठीचाच ड्रायव्हर ट्रक घेऊन आवारात आला. अर्धा माल चढला. आणि पाचच्या सुमाराला बाईंचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला, कारण सगळ्यांनाच पोरीचा आवाज ऐकायचा होता.

"आई, काय पाठवून राहिली?"

"चादरी. दोनशे. पातळ, सुती."



"आई, इथं रात्री गारठा पडते. चार दिवसांपासून पाऊस आहे. सगळे ताडपत्रीखाली झोपून राहिले. बाळंतिणी तशाच, ओल्या जमिनीवर. भूकंपानंतर पाच बाळं झाली, त्याइले छातीशी धरून बसतो, तरी गार पडतात. पातळ चादरीनं काय होणार वं आई?"

"तुह्या अंगावर काय आहे?" बाईंनी विचारलं.

"मी ठीक आहे."

"काय आहे म्हटलं अंगावर? तुही शाल कुठं आहे?"

"शाल एकीले देल्ली. तिले परवा मुलगी झाली."

फोन बंद झाला. हॉलमध्ये कोणी माझ्याकडे बघत नव्हतं, आणि ते बघण्यापेक्षा वाईट होतं. हिमालयाच्या उतारावरचं रात्रीचं तापमान मी दर वर्षी आठवीच्या मुलांना फळ्यावर लिहून देत होतो. परीक्षेला विचारत होतो. पण नागपूरच्या उन्हात बसून मला गारठा आठवला नव्हता. मला त्या क्षणी खरंच रडू आलं, आणि ते लपवायला मी उगाच कागद चाळत राहिलो.

"ट्रक थांबवा," मी रुपरावांना म्हणालो. "सगळं उतरवा."

"रविवारपर्यंत थांबवतो," रुपराव म्हणाले. "तिकडचा माल त्याच्यापुढे कोणी ठेवणार नाई. पण सर, या दिवसांत ब्लँकेट कुठं भेटते?"

ते खरं होतं. मे महिन्यात नागपुरात कूलर मागा, माठ मागा, हजार मिळतील. ब्लँकेट मागितलं तर दुकानदार तुमच्याकडे काळजीने बघतो. दोन दुकानं आम्ही फिरलोही. एकाने थंड पाणी दिलं आणि दिवाळीनंतर या म्हणाला.

आम्ही परत आलो तेव्हा प्रेमिलाबाई चादरींचा एक गठ्ठा सोडून बसल्या होत्या. एका चादरीवर दुसरी अंथरून दोन्हीच्या मधे हात घालून बघत होत्या.

"सर, तुमच्या चादरी वाया नाई जात," त्या म्हणाल्या. "एक खाली, एक वर. मधात जुनं लुगडं भरलं की गोधडी होते. दोन दिवस आहेत. बाया बोलवा. आणि ज्याच्या त्याच्या घरी माळ्यावर, दिवाणात डांबरगोळ्या घालून ब्लँकेटं ठेवली आहेत, ते काढायले सांगा. हिवाळ्याले वेळ आहे, लोकं घेतील नवे."

"आणि मधात भरायला जुन्या साड्या?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. "ते मी आणते. तुम्ही फक्त संगं चला."

कुसुमताईंच्या दारात आम्ही गेलो तेव्हा ताई स्वतःच दार उघडायला आल्या आणि आत या म्हणाल्या नाहीत.

"कुसुमताई," बाई म्हणाल्या, "काल मी तुमचं गाठोडं वापस केलं. आता तेच मागायले आली."

"काहून? आता पोतेरं चालते?"

"पांघरायले नाई चालत. मधात भरायले त्याच्यासारखं दुसरं नाई. इतकं धुतलेलं सुती कापड बाळाच्या अंगाले टोचत नाई, आणि ऊबही धरते. मी वापस केलं ते चुकलं नाई. पण चार लोकांत तसं बोलली, ते चुकलं. माफ करा."

मी आजवर बाईंना कोणाची माफी मागताना पाहिलं नव्हतं. ताईंनीही नसावं. त्या आत गेल्या आणि एकाऐवजी दोन गाठोडी घेऊन आल्या.

"चहा घ्या आधी," त्या म्हणाल्या. "माझी सुई कुठं आहे ते पाहते. मीही येते."

शुक्रवार आणि शनिवार आमच्या हॉलमध्ये जे चाललं होतं ते बघायला पाहिजे होतं. चाळीसेक बाया जमिनीवर बसून, घामाने निथळत, गोधड्या शिवत होत्या. आमच्या चर्चच्या होत्याच, पण शेजारच्या बौद्ध विहारातल्या सरिताताई आपल्या महिला मंडळाच्या दहा जणींना घेऊन आल्या. समोरच्या गल्लीतल्या देवकीकाकूंनी शिलाई मशीन हातगाडीवर टाकून आणलं. मशीनवर कडा मारायच्या आणि मधले धावदोरे हातांनी घालायचे. धावदोरे लांब लांब घाला, पण सरळ घाला, असा बाईंचा हुकूम होता. वाकडा दिसला की त्या उसवायला लावायच्या, मग ती कुसुमताई असो की पाळकसाहेबांची बायको. पुरुषांकडे पन्हं करणं, सुया ओवणं आणि ब्लँकेट गोळा करत फिरणं अशी कामं होती. मी जवळपास ऐंशी घरांच्या माळ्यांवर चढलो. अंगाला आठवडाभर डांबरगोळ्यांचा वास येत होता, आणि मला तो बरा वाटत होता.

शनिवारी दुपारी माझ्या लक्षात आलं की प्रेमिलाबाई तयार झालेल्या प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याची फुली घालतायत.

"बाई, हे लिननरूममध्ये परत येणार नाही आहे," मी म्हणालो.

"मालूम आहे," त्या म्हणाल्या. "हात ऐकत नाई."

शेवटची गोधडी त्यांनी एकटीने शिवली. तिच्या मधे त्यांनी स्वतःची ड्युटीची साडी भरली. पांढरी, निळ्या काठाची, निवृत्तीच्या दिवसापर्यंत नेसलेली. तिचा गठ्ठा वेगळा बांधला आणि वर वैभवीचं नाव लिहिलं. "हे तिच्याच हातात देजो गा," त्यांनी विक्कीला सांगितलं. "मंडळीले सांगून देजो. पोरगी ते देऊनच टाकेल कोणाले, पण एक रात्र तरी पांघरेल." मग तोंड फिरवून त्या बराच वेळ दोऱ्याची रिळं आवरत बसल्या.

रविवारी, तीन मेला, पहिला रविवार होता. पाळकसाहेबांनी प्रवचन दहा मिनिटांत संपवलं, आणि असं त्यांच्या कारकिर्दीत पूर्वी कधी झालं नव्हतं. प्रभुभोजनानंतर ट्रकवर सगळ्यांनी हात ठेवून प्रार्थना केली. सहासष्ट गोधड्या, एकशे अकरा ब्लँकेटं, उरलेल्या चादरी आणि उरलेल्या लुगड्यांची बाळदुपटी. कागद मी चार वेळा तपासला. एवढं लक्ष देऊन मी कधी पेपर तपासले नव्हते.

शुक्रवारी सामान वर पोचलं. रात्री पोरीचा फोन आला. ती रडत होती आणि हसतही होती. म्हणाली, "आई, सगळे पांघरून झोपले. पहिल्यांदा इथं शांत आहे." बाईंनी फक्त विचारलं, "आणि तू?" ती म्हणाली, "मी तुह्या साडीत आहे." आम्हाला वाटलं, सुटलो.

पण मंगळवारी, बारा तारखेला, पुन्हा मोठा धक्का बसला. आणि फोन पुन्हा बंद. पहिल्या वेळी बाई ताठ होत्या, या वेळी त्या खचल्या. त्या सारख्या म्हणत होत्या की मीच तिला राहू दिलं, जबरदस्तीने बोलावून घ्यायला पाहिजे होतं, सामान पाठवून मी तिला तिथे अडकवलं. कुसुमताई त्यांच्या घरी येऊन राहिल्या. दोन दिवस दोघी उरलेल्या चिंध्यांची पायपुसणी शिवत होत्या. मी रोज सकाळी जाऊन बसायचो आणि त्यांना सुया ओवून द्यायचो. 

गुरुवारी सकाळी फोन वाजला तेव्हा बाईंनी तो कुसुमताईंच्या हातात दिला. त्यांच्यानं उचलवेना.

वैभवीच होती. दवाखान्याची ती तडा गेलेली भिंत या वेळी पूर्ण कोसळली होती. आत कोणीच नव्हतं. आधीचे काही दिवस रोगी गारठ्यामुळे पुन्हा आत जायला बघत होते. भिंत पडेल पडेल म्हणून नर्सेस त्यांना अडवत होत्या, पण थंडीने कुडकुडणाऱ्या माणसाला किती वेळ अडवणार. ब्लँकेटं आणि गोधड्या आल्यावर कोणी आत जायचं नाव काढलं नाही. सगळे बाहेर मैदानातच राहिले, म्हणून सगळे वाचले.

कुसुमताईंनी ते ऐकलं आणि मोठ्याने म्हणून दाखवलं. प्रेमिलाबाई जमिनीवर बसल्या आणि पदराने तोंड झाकून रडल्या. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. डोक्यावर रणरणतं ऊन होतं आणि मला इतकं हलकं वाटत होतं की उठून घरी जायचंही सुचेना.

वैभवी जुलैत घरी आली. तिच्या जागी दुसऱ्या नर्सेस आल्या होत्या आणि तिला महिनाभराची रजा मिळाली होती. गोरखपूरहून येणारी गाडी तीन तास उशिरा होती. आम्ही पाच-सहा जण स्टेशनवर होतो. पोरगी उतरली. वाळलेली, काळवंडलेली, केस कापलेले. आईच्या गळ्यात पडायच्या आधी तिने पिशवीतून गोधडी काढली.

"आई, अकरा बाळं झोपली याच्यात," ती म्हणाली. "दर बाळंतिणीनं धुऊन वापस देल्ली. लाल फुली पाहून म्हणत, हे दवाखान्याची आहे, वापस द्यायची असते."

बाईंनी कोपरा उलटून पाहिला. फुली होती. त्यांनी गोधडी उलगडली आणि सवयीने घडी घालायला घेतली, पण नजर लेकीवरून हटेना, त्यामुळे टोकं सापडेनात. मी पुढे होऊन दुसरी बाजू धरली.  प्लॅटफॉर्मवरच्या गर्दीत आम्ही दोघं समोरासमोर उभे राहिलो, काठाला काठ लावला, आणि एकेक पाऊल जवळ येत घडी पुरी केली.

बाईंनी ती हातात घेऊन चारही बाजूंनी तपासली, आणि मग लेकीला जवळ घेतलं.

"बरी आली सर," पोरीच्या खांद्यावरून त्या मला म्हणाल्या. "आता पुढच्या वेळी आधी फोन लावा, मंग भूगोल सांगा."